सकाळी सातचा आकडा

१८ फेब्रुवारी १९१८

आज मी शत्रूच्या एका अधिकाऱ्याशी करार केला. उद्या गावात कोणी जाब विचारला, तर काय ठरले आणि का ठरले हे जसेच्या तसे सांगता यावे, म्हणून ही वही उघडली आहे. मनातले लिहून काढण्याची मला सवय नाही, हौसही नाही.

घडले ते असे. तांबे-पितळ जमा करण्याचा हुकूम तिसऱ्यांदा निघाला. चर्चची घंटा गेल्या वर्षीच गेली. आज उरलीसुरली पातेली, दारांच्या मुठी, दिव्यांच्या बैठकी शाळेच्या अंगणात आणून टाकायच्या होत्या. ते झाल्यावर एक जर्मन शिपाई वर्गात शिरला आणि भिंतीवरचा वायुभारमापक काढू लागला, कारण त्याची चौकट पितळेची आहे. मी लाकडी पट्टीने त्याच्या बोटांवर मारले. एवढा दाढीवाला माणूस, पण त्याने विद्यार्थ्यासारखा हात मागे घेतला.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे लेफ्टनंट ओस्टरकाम्प खाली आले. पंधरा दिवसांपूर्वी नौदलाचे लोक गावात आले, त्यांतले हे. समुद्र इथून दीडशे किलोमीटर दूर आहे. नौदल इथे काय करते, हे विचारायची सोय नाही. त्यांनी आधी वायुभारमापक पाहिला, मग माझी नोंदवही चाळली.

"कधीपासूनच्या नोंदी आहेत या?"

"१८८४. मी लाँ शहराच्या शिक्षिका महाविद्यालयातून या गावात आले, त्या सोमवारपासून. रोज सकाळी सात वाजता. एकही दिवस चुकलेला नाही."

"बाळंतपणातही?"

"बाळंतपणात आकडा नवऱ्याने वाचला. मी नंतर तपासला."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी तोडगा सुचवला: यंत्र भिंतीवर राहील, जप्तीतून सुटल्याचा कागद ते मिळवून देतील. त्या बदल्यात रोज सकाळचा आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांना द्यायचा.

मी विचार केला. आकडा म्हणजे हवेचा भार. हवा कोणाच्या मालकीची नाही. मी हो म्हटले.

२० फेब्रुवारी

पहिल्या दोन चिठ्ठ्या दिल्या. सात म्हणजे माझे सात. जर्मनांनी गावाची सगळी घड्याळे एक तास पुढे करायला लावली; माझे एक घड्याळ फ्रान्सच्या नकाशामागे टांगलेले आहे आणि ते जुन्या वेळेवरच चालते.

फेलिसी शिपायांचे धुणे करते. तिला सगळे कळते. विहिरीवर मला गाठून म्हणाली, "काय हो बाई, तुमच्या काचेच्या नळीला आता नौदल रोज सकाळी सलाम ठोकतं म्हणे?"

"आकडा नेतात."

"आमची पातेली गेली, तुमचा पारा राहिला. शिकलेल्या माणसाचं बरं असतं. आता मी सूप कशात करू? तुमच्या नोंदवहीत?"

मी तिला माझे लोखंडी पातेले दिले. मला एकटीला दोन कशाला हवीत?

२३ फेब्रुवारी

सहा मुले उशिरा आली. रानावरून छोटे पांढरे फुगे वर जात होते, ते पाहत उभी राहिली म्हणे. सैनिकांच्या पोरखेळापायी भूगोल बुडवायचा नसतो, असे सांगून सहाही जणांना अर्धा तास उभे केले.

३ मार्च

रानात रुळांचा नवा फाटा गेला आहे. रुळांमध्ये कापलेली झाडे उभी करतात, गाडी यायची वेळ झाली की काढतात. गावातल्या कोणालाही तिकडे फिरकू देत नाहीत. फेलिसी मात्र कपडे पोचवायला पहाऱ्यापर्यंत जाते.

"बाई, तोफ आलीय. रेल्वेच्या तीन वाघिणींवर एक नळी! आपल्या चर्चच्या दारातून आत घातली, तर वेदीमागची भिंत फोडून बाहेर येईल. आणि इतकी लांब, की आपल्याच भाराने वाकते मेली. वरून तारा लावून ताणून धरलीय, माझ्या धुण्याच्या दोरीसारखी."

"तू पाहिलीस?"

"नळी नाही पाहिली. पण ती पाहिलेल्या माणसाच्या चड्ड्या मी धुते."

सकाळी ओस्टरकाम्प चिठ्ठी घेऊन गेले नाहीत, फळ्यासमोर उभे राहिले. ते फ्लेन्सबुर्गला शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. फळ्यावरचा माझा अपूर्णांक वाचत असल्यासारखे करून त्यांनी विचारले, "मादाम, पॅरिसला तुमचं कोणी आहे का?"

मी म्हटले, "कोणी नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि लगेच गेले.

या वहीत खोटे ठेवायचे नाही, म्हणून लिहिते. माझी मुलगी ओदील पॅरिसला आहे. सत्तावीस वर्षांची. शिक्षिका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती, पहिल्या पाचांत होती. १९१३च्या ऑक्टोबरात ते सोडून टोप्या शिवायला गेली. पाने, पिसे, रिबिनी. मी म्हटले, त्याला अक्कल लागत नाही. ती म्हणाली, "आई, तू एकदा तरी आरशात टोपी घालून बघ." दारातच मला तिचा पत्ता द्यायला लागली. शहराच्या ईशान्य टोकाला, कालव्याजवळ. "म्हणजे गावाच्याच बाजूला आहे बघ मी," ती म्हणाली. मी पत्ता हातात घेतला नाही. तिने तो नोंदवहीत ठेवला.

पुढच्या जानेवारीत तिचे पत्र आले. मजेत आहे, खोली छान आहे, पण थंडी फार आहे. मी उलट टपाली तीन ओळी लिहिल्या: 'फार थंडी ही माहिती नव्हे. आकडा लिहीत जा. आई.' त्यानंतर तिचे पत्र आले नाही. ऑगस्टात युद्ध आले आणि टपालच तुटले. चार वर्षे आमच्यामध्ये सैन्य उभे आहे.

कोणी नाही, असे मी का म्हटले? शत्रूला घरची गोष्ट सांगायची नसते, हे कारण खरे आहे. पुरेसे आहे की नाही, माहीत नाही.

२३ मार्च

सकाळी सातला पारा ७५८.२. आकाश स्वच्छ. चिठ्ठी दिली.

थोड्याच वेळाने तोफा सुरू झाल्या. रानाच्या आजूबाजूच्या सगळ्याच एकदम, आणि धुराचे पडदे. वर्गाची एक काच फुटली. मुलांना बाकांखाली घातले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाकीच्या तोफांनी खिडक्या हादरतात, पारा हलत नाही. मधूनच मात्र आवाज यायच्या आधी पारा नळीत थरथरतो, जमिनीतून काहीतरी आल्यासारखा. मग तो आवाज. गावात कोणालाही ती एक तोफ वेगळी ओळखता येत नाही, मला येते. इतर तोफा तिला लपवण्यासाठीच उडतात, असे मला वाटते. दुपारपर्यंत पारा बावीस वेळा थरथरला. दोन थरथरींमध्ये पंधरा-वीस मिनिटे.

आघाडी उत्तरेला फुटली आहे असे म्हणतात. तिकडेच मारत असतील.

२६ मार्च

आमच्यासाठी जर्मन लोक फ्रेंचमध्ये वर्तमानपत्र छापतात. शेकोटीला बरे असते म्हणून घेतो. आज पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: पॅरिसवर तोफांचा मारा.

मी तीनदा वाचले. इथून पॅरिस सव्वाशे किलोमीटर. इतक्या लांब तोफ मारत नाही, असे मी मुलांना शिकवले असते.

फेलिसी म्हणाली, "खोटं असेल हो. वर्तमानपत्र त्यांचंच." मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तो कागद शेकोटीत घातला. ओदीलला तिनेच पहिल्यांदा आंघोळ घातली होती.

तेवीस तारखेची चिठ्ठी, चोवीसची चिठ्ठी, पंचवीसची चिठ्ठी. तिन्ही माझ्या अक्षरात, दशांशापर्यंत बरोबर.

२९ मार्च, शुभ शुक्रवार

आज मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला.

तीन दिवस तोफ बंद होती. तेवढ्यात मी गणित मांडले. हवा दाट असेल तर गोळ्याला अडथळा जास्त, पल्ला कमी. आहे त्यापेक्षा हवा विरळ आहे असे त्यांना सांगितले, तर ते तोफ त्या हिशेबाने लावतील आणि गोळा अलीकडे पडेल. शहराच्या अलीकडे काय आहे? शेते, बीटची कोठारे, रस्ते. पडू दे तिथे.

पारा ७४४.० होता. नोंदवहीत ७४४.० लिहिले. चिठ्ठीवर ७४०.०. ओस्टरकाम्पनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले, म्हणाले, "धन्यवाद, मादाम. आज सणाचा दिवस." आणि गेले. काही कळले नाही त्यांना.

तोफ दुपारनंतरही चालू होती. मी प्रार्थनेला गेले नाही, पाऱ्यापुढे खुर्ची घेऊन बसले. प्रत्येक थरथरीला मनात म्हटले: शेतात.

३० मार्च

पारा ७४१.६. चिठ्ठीवर ७३७.६. तोफ सकाळीच सुरू झाली. आज मला चांगली भूक लागली. मदत कमिटीने वाटलेल्या तांदळाची खीर केली आणि फेलिसीला वाटीभर नेऊन दिली. ती म्हणाली, "बाई, आज तुमच्या तोंडावर रया आहे. पोप वारला की काय?"

२ एप्रिल

चौथीला नकाशा शिकवत होते. दोन गावांमधले अंतर पट्टीने कसे मोजायचे ते. लुईझ नावाच्या मुलीने हट्टाने लाँ ते पॅरिस घेतले. मी पट्टी ठेवली, रेघ मारली. शहराच्या मोठ्या ठिपक्याच्या मधोमध रेघ संपली. मग लुईझने विचारले, "बाई, इकडून गेलं तर पॅरिसमधलं पहिलं काय लागतं?"

मी मोठा नकाशा काढला आणि पाहिले. इकडून गेले, तर तटाच्या आत पहिला कालवा लागतो.

गावाच्याच बाजूला आहे बघ मी.

ते शहराच्या मध्यावर नेम धरत असतील. मी गोळा अलीकडे ओढला. शेतांपर्यंत ओढला असे मला वाटले. चार मिलिमीटरने गोळा किती अलीकडे येतो, हे मला माहीत नाही. पन्नास किलोमीटर नक्की नाही. पाच असेल. पाच किलोमीटर अलीकडे काय आहे, ते नकाशात स्पष्ट आहे. चौथीच्या मुलीला जे सुचले ते मला सुचले नाही.

वर्ग लवकर सोडला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

३ एप्रिल

सकाळी चिठ्ठी लिहिली नाही. ओस्टरकाम्प आल्यावर उभ्यानेच सांगितले, "शुक्रवारी आणि शनिवारी मी खोटे आकडे दिले. चार मिलिमीटर कमी."

"माहीत आहे."

"कसं?"

"माझ्या खोलीत एक वायुभारमापक आहे, मादाम. शिवाय पहाटे आम्ही फुगे वर सोडतो. आमचा गोळा इतक्या उंचावरून जातो की तिथे हवाच जवळजवळ नसते. तुमच्या पाऱ्याला तिथे कोण विचारतो?"

"मग चिठ्ठी कशाला नेत होता?"

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "फ्लेन्सबुर्गला माझा वर्ग होता. रोज सकाळी कुठल्या तरी वर्गात पाय ठेवावासा वाटायचा. त्याला निमित्त हवं होतं."

मी म्हटले, "माझी मुलगी पॅरिसला आहे. कालव्याजवळ."

ते म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, कोणी नाही."

"म्हणाले होते."

"हो म्हणाला असतात तरी तोफ थांबली नसती. पण मग मला इथे येता आलं नसतं."

ते गेले. त्यांच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. शिक्षक खोटे बोलतो तेव्हा फार नीट मांडून बोलतो, मुलाला रडू येऊ नये म्हणून. मांडणी चांगली होती, पुरावा नव्हता. ते फुगे मी कधी पाहिलेले नाहीत.

१२ मे

नौदलाचे लोक गेले, तोफही रुळांवरून कुठेतरी हलवली. ओस्टरकाम्प पुन्हा वर्गात आले नव्हते. जाताना दारात जप्तीच्या माफीचा कागद ठेवून गेले, त्यावर नवी मुदत घातलेली होती. सातचा आकडा मी रोज लिहिते. नोंदवहीत एकही खोटा नाही.

फेलिसी रोज संध्याकाळी येते, काहीतरी शिवत बसते आणि म्हणते, "केवढं मोठं शहर ते बाई. लाखो माणसं. गवताच्या गंजीतली एक सुई सापडते होय कोणाला?" मी तिला म्हणते, टाके सरळ घाल.

१४ ऑक्टोबर

आपले सैन्य काल आले. लाँ सुटले. फेलिसीने एका सार्जंटच्या गळ्यात पडून त्याची कॉलर भिजवली. मी टपाल कधी सुरू होईल ते विचारले. ओदीलला पत्र लिहिले. चार कागद फाडले. शेवटी गेले ते एवढेच: 'मी जिवंत आहे. यंत्र शाबूत आहे. तू कशी आहेस ते सविस्तर लिही. आकड्यांची गरज नाही. आई.'

२२ नोव्हेंबर

पत्र आले. अक्षर तिचे नाही. तिच्या घरमालकिणीचे, मादाम पोर्केरो यांचे.

३० मार्च. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. टोप्यांच्या कारखान्यावर. सात मुली.

फेलिसीने पत्र वाचायला मागितले, तेव्हा तिला अक्षरे जुळवता येत नाहीत हे विसरून मी ते तिच्या हातात दिले. तिने ते उलटे धरले आणि तरीही तिला कळले.

आज सातचा आकडा: ७५१.३. वारा नाही.

६ डिसेंबर, पॅरिस

मादाम पोर्केरो बुटक्या आणि बोलक्या आहेत. दार उघडताच म्हणाल्या, "तुम्ही त्या आई होय! या, या. मला वाटलं होतं उंच असाल. पोरीच्या बोलण्यावरून निदान दोन मीटर."

मी कारखान्याची जागा पाहायला मागितली. त्यांनी खिडकीतून दाखवली. कालव्यापलीकडे दोन घरांच्या मध्ये मोकळे आकाश आहे.

खोली त्यांनी आठ महिने तशीच ठेवली होती. पायऱ्या चढताना सांगत होत्या, "गुणी पोर हो. एकच खूळ. रोज सकाळी त्या गोल घड्याळासारख्या यंत्रापुढे उभी. दूध उतू जावो, खाली भांडण होवो. मी म्हटलं, 'काय ग, त्या काट्यात प्रियकर बसलाय का?' तर म्हणते कशी, 'नाही, आई उभी आहे.' आणि सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केली ना, तर ही बाई आठला वाचायची. म्हणायची, आमच्या घरी आत्ता सात."

मी विचारले, यंत्र कुठे आहे.

मादाम पोर्केरो खाली कॉफी करायला गेल्या. मी यंत्राशेजारच्या वहीतल्या तिच्या नोंदी तपासल्या. तपासणे एवढेच मला येते. माझी नोंदवही बरोबर आणली होती. तिचे आणि माझे आकडे, दोन्ही जागांच्या उंचीचा फरक काढून, समुद्रसपाटीला आणून शेजारी शेजारी मांडले. चार वर्षे, मध्ये सैन्य असताना, हवेचा भार दोन्हीकडे बरोबरीने चढला आहे आणि बरोबरीने उतरला आहे.

३० मार्चला माझ्याकडे दोन आकडे आहेत, एक नोंदवहीतला आणि एक चिठ्ठीतला. तिचा खऱ्याशी जुळतो.

पेठेच्या कचेरीतला कारकून पावती घेऊन आला. पावतीवर सगळे लिहून सही करायची होती. त्याचे अक्षर वाईट होते, म्हणून मीच लिहिले. त्याची नक्कल इथे ठेवते.

ओदील वोक्लेर, मृत्यू ३० मार्च १९१८, हिच्या वस्तू, खालीलप्रमाणे ताब्यात मिळाल्या:

राखाडी लोकरी कोट, एक. कोपर रफू केलेले, टाके सरळ.

मोठी कात्री, एक. सुयांची डबी, एक.

बायकांची टोपी, गडद निळी, एक. पूर्ण. न वापरलेली. आत चिठ्ठी टाचलेली: 'आईसाठी. युद्ध संपल्यावर.'

वायुभारमापक, स्वस्त बनावटीचा, काट्याचा, तापमापक जोडलेला, एक. चालू.

नोंदवही, एक. पहिल्या पानावर तीन ओळींचे पत्र चिकटवलेले. २१ जानेवारी १९१४ पासून ३० मार्च १९१८ पर्यंत वायुभार आणि तापमान. वेळेच्या रकान्यात सर्वत्र 'आईच्या घड्याळाने सात'. राहिलेले दिवस: एकही नाही. चुका: एकही नाही.

वस्तू घेणाऱ्याचे नाव: सिदोनी वोक्लेर, शिक्षिका, सेरव्हाल.

मृताशी नाते: आई.